झेंडूखालचा डाग

१

आरती संपली. दादांनी ताट खाली ठेवलं, पाटावरच्या सर्किट-बोर्डावर वाहिलेलं झेंडूचं फूल उचललं आणि ते हातात धरून तसेच उभे राहिले. फुलाखाली काळा डाग होता. नखाएवढाच, पण नेमका तिथे, जिथे सोनलचा ॲम्प्लिफायर बसवलेला होता.

"जळलाय," दादा म्हणाले.

आज दसरा. संध्याकाळी मोबाइल बनवणाऱ्या कंपनीची माणसं मुंबईहून हाच बोर्ड बघायला चौलला येणार होती. त्यांना तो पसंत पडला तर त्यांच्या पुढच्या फोनमध्ये जाणार होता, आणि दादांच्या प्रयोगशाळेतला एक माणूस दोन वर्षं त्यांच्या कोरियातल्या केंद्रात. कोण जाणार ते दादा आजच सांगणार होते.

सुपारी साठवायच्या वखारीत दादांनी ही प्रयोगशाळा थाटली तेव्हा गाव पोट धरधरून हसलं होतं. म्हातारा माडावर टॉवर बांधतोय म्हणे! पण दादा हट्टी. बंगळूरला आयुष्य काढून आलेला माणूस, त्याने चार जण जमवले. सोनलने ॲम्प्लिफायर केला. म्हणजे फोनचा गळाच म्हणा, तो जितका जोरात ओरडेल तितकं लांबच्या टॉवरला ऐकू जातं. मैथिलीने त्याला वीज पुरवणारा सप्लाय केला. मैथिलीचा नवरा सुयश मोजमापं घ्यायचा आणि हर्षद बोर्डावर भाग जोडायचा.

"बापरे!" हर्षद वाकून म्हणाला. "लोडपण काढलाय कोणीतरी. बघा ना."

खरंच, अँटेनाच्या जागी लावायचा तो ॲल्युमिनियमचा ठोकळा पाटाखाली पडला होता. ॲम्प्लिफायरला लोड न लावता पूर्ण जोरात चालवलं की बाहेर न गेलेली शक्ती उलटी फिरते आणि त्यालाच खाते. हे तिथल्या प्रत्येकाला पाठ होतं.

"काल खंडेनवमीच्या पूजेनंतर आत कोण आलं होतं?" दादांनी विचारलं.

मग हर्षद चाचरत म्हणाला, "म्हणजे... टेन्शन नका घेऊ कोणी, पण तिन्हीसांजेला मैथिलीताईंना बाहेर पडताना बघितलं मी. चावी त्यांच्याच हातात होती."

सगळ्यांच्या माना वळल्या. मैथिली आणि सोनलचं विळ्याभोपळ्याचं सख्य वाडीतल्या कुत्र्यामांजरांनाही माहीत होतं. मैथिलीने शेजारी उभ्या नवऱ्याकडे पाहिलं. सुयश खाली, स्वतःच्या चपलांकडे बघत होता.

२

"पोलिसांचं नाव काढशील तर खबरदार," आनंदीबाईंनी दादांना बजावलं. "पाहुणे यायचेत. तोवर मी बघते."

आनंदीबाई म्हणजे दादांची थोरली बहीण. अलिबागच्या कोर्टात सरकारी वकील म्हणून त्यांनी भल्याभल्यांना घाम फोडला होता. निवृत्तीनंतर घाम फोडायला कोणी उरलं नव्हतं, त्यामुळे त्या जरा कंटाळल्याच होत्या. वखारीच्या ओटीवर खुर्ची टाकून त्यांनी पहिल्यांदा मैथिलीलाच बोलावलं.

"वीजबिजेतलं मला ओ की ठो कळत नाही. तुझा तो सप्लाय काय करतो ते मला कळेल असं सांग."

"बाई, पूर्वी ॲम्प्लिफायरला कायम पूर्ण दाबाने वीज द्यायचे. लागो न लागो. उरलेली उष्णता होऊन फोन तापायचा, बॅटरी उतरायची. माझा सप्लाय सिग्नल बघत बघत दाब कमीजास्त करतो. पाटाचं पाणी कसं, सुपारीला लागेल तेवढंच सोडायचं, तसं."

"शाबास. म्हणजे खरी करामत तुझी. आणि नाव?"

मैथिलीचा चेहराच उतरला. नाव सोनलचं होत होतं, दुसऱ्या कोणाचं? वर्षभर प्रत्येक बैठकीत तेच. सोनलचा ॲम्प्लिफायर किती दणकट! एकदा चुकून लोड न लावता चालवला, तरी जिवंत राहिला! दादांनी त्या दिवशी पेढे वाटले होते. मैथिलीने पेढा तोंडात घातला आणि तो तिला कडू लागला. बोर्ली पंचतनजवळच्या खेड्यातली, भातशेती करणाऱ्या घरातली पोरगी ही सोनल. बोलायला लागली की सगळी खोली तिच्याकडे बघायची. श्रीवर्धनच्या शिकल्यासवरल्या घरातली, पहिल्या वर्गात पास झालेली मैथिली कोपऱ्यात बसून ऐकायची. मत्सर होता तो. उगाच गोड शब्द कशाला शोधायचे?

आणि त्या दणकटपणाचं खरं कारण एकट्या मैथिलीला माहीत होतं. सप्लायमध्ये तिने एक राखण घालून ठेवली होती. शक्ती उलटी फिरलीच, तर क्षणात दाब तोडायचा आणि ॲम्प्लिफायर वाचवायचा. सर्किटच्या नकाशात ती जागा तिने नुसती 'राखीव' म्हणून दाखवली आणि लॅबमध्ये चकार शब्द काढला नाही. घरी, जेवताना, सुयशला मात्र हसून हसून सांगितलं होतं, "मी त्याला राखणदार म्हणते. पाहुण्यांसमोर सांगणार. बघू मग पोरीचा चेहरा."

"काल आत कशाला गेली होतीस?" आनंदीबाईंनी विचारलं.

"सहज."

"सहज काय ते मला सांगू नकोस. कोर्टात 'सहज' म्हणणारे निम्मे आत गेले."

मैथिलीच्या कानशिलांपर्यंत लाली चढली. "पाहुण्यांसाठी टेबलावर पाटी केलीय. सोनलचं नाव आधी की माझं, ते बघायला गेले होते."

"मग? कोणाचं आधी?"

"तिचं," मैथिली म्हणाली, आणि तिला रडूच आलं.

आनंदीबाई तिच्याकडे टक लावून पाहत राहिल्या. "खरं बोलते आहेस असं वाटतं. एवढी लाजिरवाणी थाप कोणी मारत नाही. पण जाळायलाही एवढं कारण पुरतं हो, पोरी. आज संध्याकाळपर्यंत दुसरं कोणी सापडलं नाही, तर तुझी नोकरी गेली समज. आणि या धंद्यात तुझ्या नावाला कुत्रं विचारणार नाही."

३

मग बाकीच्यांची पाळी आली. बाईंनी मैथिलीला शेजारीच बसवून घेतलं, यंत्रांचं कळेनासं झालं की विचारायला म्हणून.

हर्षद आला तो घामाघूम होऊन. सोनलशी लग्न करायचं त्याच्या मनात होतं, आणि ती कोरियाला जायची स्वप्नं बघत होती, हे त्याने आपण होऊनच सांगून टाकलं.

"म्हणजे बोर्ड जळाला तर तुझं भलंच," बाई म्हणाल्या.

"बाई, काल दिवसभर मी अलिबागला होतो. फुलं, मिठाई, खुर्च्यावाला. आलो तो पूजेलाच. आणि लोड काढून यंत्र चालवायचं म्हणाल तर मला फक्त जोडायला येतं हो, चालवायला नाही."

सोनल आली ती तणतणतच. "मी हातपन लावला न्हाय बोर्डाला काल. सकाळी हर्षद अलिबागला निघायच्या आधीच सुयशदादांकडे मोजायला दिला, तेवढाच. माझंच मी कशाला जाळू? अख्खं वर्ष त्याच्यात घातलंय." आणि मैथिलीकडे न बघता म्हणाली, "ज्यांच्या डोळ्यांत खुपतंय त्यांना इचारा."

शेवटी सुयश. तो शांत होता. जेवणाआधी मोजमापं झाली, सगळं ठीक होतं, बोर्ड टेबलावर ठेवून घरी जेवायला गेलो, परत येऊन पूजेच्या पाटावर मांडला, असं त्याने सांगितलं. निघताना जरा थांबला.

"बाई, मैथिलीवर फार रागावू नका. गेले कित्येक दिवस तिला धड झोप नाही. माणसाच्या हातून होतं कधीतरी."

मैथिली त्याच्याकडे बघतच राहिली. वाचवतोय की खड्ड्यात लोटतोय? पण लगेच तिने स्वतःलाच दटावलं. बिचारा काळजीनेच बोलतोय.

"तुझा नवरा देवभोळा आहे का गं?" तो गेल्यावर बाईंनी विचारलं.

"छे! देवळाच्या बाहेर चपला सांभाळतो तो. का?"

"काल पूजेत प्रत्येक यंत्राला फूल मी वाहिलं. बोर्डापाशी आले तर तिथे आधीच झेंडू होता. ठीक आहे, वाहिला असेल कोणी." बाई एकदम उठल्या. "चल आत. ती यंत्रं मला दाखव. हा बोर्ड चालवायला काय काय चालू करावं लागतं?"

४

दोन यंत्रं लागत होती. एक बॅटरीच्या जागी वीज देणारं, दुसरं सिग्नल देणारं. सिग्नलचं यंत्र अख्ख्या लॅबमध्ये एकच, दादांनी जिवापाड जपलेलं.

"यातलं एक जरी बंद असलं तर?"

"तर बोर्ड काही करूच शकत नाही. ॲम्प्लिफायरला ओरडायला लावायचं तर दोन्ही पाहिजेत."

"आणि चालू कुठून करतात?"

मैथिलीने बटण दाखवायला बोट पुढे केलं आणि ते हवेतच थांबलं. बटणावर कुंकवाचा ओला टिळा लावलेला होता, तो आता वाळून कडक झाला होता. टिळ्यात अक्षता रुतलेल्या. दोन दाणे बटणाच्या आणि चौकटीच्या फटीवर आडवे चिकटले होते. दुसऱ्या यंत्राचंही तसंच.

"कपाळ कुठलं ते मला कळेना," आनंदीबाई म्हणाल्या, "तेव्हा दिसलं बटण की लावला टिळा. हे बटण कोणी दाबलं असतं तर?"

"टिळा फुटला असता. दाणे पडले असते."

"कुणी पुन्हा लावला असेल?"

"कुंकू तर तुम्ही..."

"ताट मी काल आरतीनंतर घरी नेलं. आणि माझं बोट मी ओळखते."

पूजेनंतर यंत्रं चालूच झाली नव्हती! म्हणजे बोर्ड पूजेच्या आधीच जळालेला होता. सगळ्यांनी मेलेल्या बोर्डाची पूजा केली, त्याच्यावर अक्षता टाकल्या, हात जोडले. तिन्हीसांजेला ती आत गेली असेल नाहीतर नसेल, आता त्याला काही अर्थ नव्हता.

"तू सुटलीस," बाई म्हणाल्या. "आता प्रश्न असा, की तुझ्या नवऱ्याने बोर्ड ठीक आहे म्हणून टेबलावर ठेवला, तिथपासून पाटावर जाईपर्यंत त्याला कोणी हात लावला?"

दाराशी हर्षद उभा होता. त्याच्या चेहऱ्यावरूनच कळलं, काहीतरी सांगायला आलाय.

"बोल रे."

"बाई... मघाशी सांगितलं नाही, पण मी दुपारी मिठाई ठेवायला मध्येच एकदा आलो होतो. सोनल बोर्ड घेऊन विहिरीपाशी उभी होती. एकटीच."

५

सोनलला पुन्हा बोलावलं तेव्हा दादाही येऊन बसले. बोर्ड लॅबच्या बाहेर न्यायचा नाही, हा दादांचा पहिला नियम.

"हातपण लावला नाही म्हणालीस," बाई म्हणाल्या.

सोनलचा तोरा पार उतरला. "आईला दाखवायला नेला होता. फोनवर. ती म्हनते, वर्षभर काय करतेस ते दाव तरी एकदा. आत रेंज न्हाय, विहिरीपाशी असते. पन तिच्याकडेच रेंज न्हवती, तिला नुसता माझा हातच दिसला. मी बोर्ड होता तसा टेबलावर ठेवला. चांगला होता! आईची शप्पथ!"

"म्हणजे तुझ्या आईनेही तो धड असलेला पाहिला नाही. एकदा खोटं बोललीस, आता दुसऱ्यांदा का विश्वास ठेवू? सुयश जेवायला गेला, तू इथे एकटी होतीस, यंत्रं समोर होती. हात चुकला असेल, लोड लावायला विसरली असशील. आणि मग फूल ठेवून झाकलंस."

"न्हाय वो, बाई!"

दादांनी डोळे मिटून घेतले. "सोनल, पाहुणे गेले की आपण बोलू. तू सामान..."

आणि मैथिली? खरं सांगायचं तर तिच्या मनात उकळ्या फुटत होत्या. सुंठीवाचून खोकला गेला! वर्षभर पाण्यात पाहिलेली पोरगी समोर रडत होती, आणि मैथिलीला एक बोटही उचलावं लागलं नव्हतं. पाटी बदलेल. कोरियाला आता जाणार तरी कोण दुसरं?

"एकदा भिंगाखाली बघतेस का?" दादांनी तिला विचारलं. "पाहुण्यांना काय झालं ते सांगावं लागेल."

तिने बोर्ड भिंगाखाली धरला. ॲम्प्लिफायरचा शेवटचा टप्पा वितळला होता. उलट फिरलेल्या शक्तीनेच मेला होता, शंकाच नको. लोड काढलेला, पूर्ण जोर. ती ते सांगायला तोंड उघडणार, इतक्यात ती पुन्हा भिंगावर वाकली.

असा तो मरूच शकत नव्हता.

तिचा राखणदार होता ना तिथे! लोड विसरला तरी राखणदार दाब तोडतो. त्याला झोपवायचा एकच मार्ग होता. बोर्डाच्या मागच्या बाजूला दोन ठिपके आहेत, ते चिमट्याच्या टोकाने जोडून धरायचे. चाचणीसाठी तिनेच ती सोय ठेवली होती. ती माहीत नसलेल्या माणसाने दिवसभर लोड काढून चालवला असता तरी हा बोर्ड जिवंत राहिला असता.

सोनलला ते माहीत नव्हतं. मैथिलीने मुद्दामच कळू दिलं नव्हतं. उलट सोनलची तर खात्री होती, की आपला ॲम्प्लिफायर लोड नसताना मरत नाही. तिच्या हातून चुकून काही झालं असतं तरी तो वाचला असता, आणि तिला मुद्दाम मारायचा असता तर तिने दुसरी कुठलीही वाट धरली असती.

दोन ठिपके दोनच माणसांना माहीत होते. एक मैथिली. दुसऱ्याला तिने जेवताना, हसत हसत, सांगितले होते.

तिने भिंगावरून डोळा काढला. सुयश खिडकीपाशी उभा राहून बाहेर बघत होता.

"काय दिसलं?" दादांनी विचारलं.

काही नाही म्हटलं की झालं. सोनल सामान बांधेल, नवरा नवराच राहील, आणि कोरिया. हुंदके देणाऱ्या त्या पोरीचा तिला अजूनही रागच येत होता, दया तर अजिबात नाही. पण तो सुयशचा मघाचा शांत आवाज काही केल्या कानातून जाईना. माणसाच्या हातून होतं कधीतरी.

"दादा," ती म्हणाली, "तुम्ही कोरियाला कोणाला पाठवणार होतात? आणि ते आधी कोणाला सांगितलं होतंत?"

६

दादा गोंधळले. "तुलाच. सप्लायच नवीन आहे ना, त्यांना तोच हवाय. आणि सांगितलं म्हणशील तर... परवा फक्त सुयशला. म्हटलं, लग्न झालेली मुलगी, घरच्यांना आधी विचारावं. तो हो म्हणाला की."

"मला विचारायच्या आधी?"

आनंदीबाईंनी भावाकडे असं बघितलं, की तो खुर्चीत आणखी खाली सरकला.

मग मैथिलीने सगळं सांगितलं. राखणदार, दोन ठिपके, वर्षभर लपवलेलं. लपवलं कशासाठी, तेही. सांगताना सोनलकडे बघायचं तिने टाळलं, कारण सोनलचं रडणं थांबलं होतं आणि ती डोळे फाडून ऐकत होती.

"म्हंजे माझा ॲम्प्लिफायर दणकट न्हवताच?" सोनलने विचारलं. "ते पेढे... तुज्या राखणदाराचे?"

"हो."

"आनि पाहुन्यांसमोर तू हे सांगणार व्हतीस."

"हो."

सोनलने नाक पुसलं. थोबाडीत मारील असं क्षणभर वाटलं. "माझ्याकडं एक ॲम्प्लिफायर शिल्लक हाय. हर्षद, भाग जोडायची भट्टी तापव," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

सुयशने नाकारलं नाही. आनंदीबाईंनी फुलाचं विचारलं, तेव्हाही त्याने होकारार्थी मान हलवली. "जेवून आल्यावर, पाटावर मांडायच्या आधी केलं, सप्लायमुळे जळलं असं वाटावं म्हणून. लोड मीच पाटाखाली टाकला होता; तो मोजणीनंतर गळून पडला असेल असंच म्हणतील सगळे, असं वाटलं. कुणावर आळ यावा असं मनात नव्हतं." मग एकदम त्याचा आवाज चढला. "चार माणसांत मी कोण? मैथिलीचा नवरा! मोजायला बसतो तिथेही लोक विचारतात, मैथिली काय म्हणते. आणि दादा मला विचारतात, तुझी हरकत नाही ना? काय सांगायचं होतं मी? हरकत आहे म्हणून हसं करून घ्यायचं?"

"मला माहीत नव्हतं मीच जाणार होते ते," मैथिली म्हणाली. "मी वर्षभर त्या पोरीला शिव्या घातल्या. घरी येऊन तुझ्यापाशीच घातल्या. तू ऐकून घेत होतास." "सकाळी सगळे माझ्याकडे बघत होते. तेव्हा तू तोंड का नाही उघडलंस?"

तो म्हणाला, "वाटलं, एवढं झाल्यावर तुला कोणी कुठे पाठवणार नाही. इथेच राहशील."

कुंपणानेच शेत खाल्लं, असं आनंदीबाई पुटपुटल्या.

दादा उठून मैथिलीसमोर आले. "चुकलो मी. आता तुला विचारतो. पाहुण्यांना काय सांगू?"

आतून सोनल ओरडत होती, "ताई, ठिपके कुठले ते दाव तरी! मला तुझ्या राखणदारासकट मोजायचंय, आनि पाहुन्यांसमोर मी पन हुबी राहणार हाय!"

"जाईन," मैथिली दादांना म्हणाली.

"आणि मी?" सुयशने विचारलं.

ती वळली. त्याचा चेहरा तिला फार ओळखीचा वाटला.

"दादांनी तुला विचारलं, तेव्हाच घरी येऊन 'जाऊ नकोस' म्हणायचं होतंस," ती म्हणाली. "मी थांबले असते."

मग ती सोनलला ठिपके दाखवायला आत गेली.